पाचव्या ओवीतलं नाव

शकूताई राऊत माणसाला पूर्ण तीन मिनिटं बोलू द्यायच्या. चौथं मिनिट लागलं की घड्याळाकडे न बघताच म्हणायच्या, "तीन मिनिटं झाली. वाढवायचीत?" बोलणारी नवखी असली तर ओशाळून गप्प बसायची. आम्ही जुन्या बायका "वाढवा" म्हणायचो आणि आमचं सुनेचं, सांधेदुखीचं, नळाला न येणाऱ्या पाण्याचं पुढे चालू ठेवायचो, आणि त्याही मग खरोखर आणखी तीन मिनिटं ऐकून घ्यायच्या. टेलिफोन खात्यात ट्रंक कॉल जोडून देण्यात त्यांची नोकरी गेली होती. लोकांची बोलणी ऐकू यायची का, असं एकदा मी विचारलं, तर म्हणाल्या, "आम्ही ऐकत नसू. पण कान बंद करायची सोय सरकारनं दिली नव्हती."

मी बिबवेवाडीत राहायला आले त्याला महिनाही झाला नव्हता. दारात भाजीवाल्याशी गवारीच्या भावावरून माझी चांगलीच जुंपली होती. तो वैतागून निघून गेला आणि जिन्यात उभ्या असलेल्या एक उंच, सावळ्या, घट्ट अंबाड्याच्या बाई मला म्हणाल्या, "भांडताना तुमचा सूर हलत नाही. बुधवारी चारला दत्ताच्या देवळामागच्या खोलीत या." मी म्हटलं, मला गाणं येत नाही. त्या जिना उतरता उतरता म्हणाल्या, "येत असतं तर बोलावलं नसतं. येणाऱ्या दोघीतिघी आहेत, त्यांचाच त्रास पुष्कळ आहे."

आमच्या मंडळाला नाव नव्हतं. बुधवारी जमायचं म्हणून बुधवारचं मंडळ. आम्ही एकोणीसजणी होतो. निवृत्त शिक्षिका, माझ्यासारख्या शाळेच्या कचेरीतल्या, पेठेतून फ्लॅटमध्ये राहायला आलेल्या, आणि ज्यांच्या शेतांवर हे फ्लॅट उभे राहिले त्या घरांतल्या दोघी सुना. पेटीवर लिमयेबाई. त्या कसबा पेठेतून दोन बस बदलून यायच्या, रीतसर गाणं शिकलेल्या होत्या आणि ते कोणी विसरू नये याची काळजी घ्यायच्या. मला अक्षर बरं म्हणून सेक्रेटरी केलं होतं. महिन्याभरात शकूताई मला 'नीला' आणि 'तू' म्हणायला लागल्या. मी मात्र त्यांना शेवटपर्यंत अहोजाहोच करत आले.

एका वर्षी माघात लिमयेबाईंनी टूम काढली, की चैत्रात नुसतं हळदीकुंकू आणि कैरीची डाळ पुरे झाली, आपण पेठेतलं एखादं छोटं कार्यालय घेऊन फुलांच्या गाण्यांचा कार्यक्रम करू. बाहेरच्या लोकांसमोर, स्टेजवर, माइक लावून. आम्हाला हे फारच आवडलं. लगेच याद्या झाल्या. चाफा आला, जाई आली, पारिजातक तीनदा आला. साड्यांचे रंगसुद्धा ठरायला लागले. शकूताई भिंतीला टेकून तीन मिनिटांच्या बऱ्याच पुढेपर्यंत ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "या सगळ्या गाण्यांत फुलं उमलतात, डोलतात, गळतात. तोडतं कोण?"

मग त्यांनी पेटी न घेता, मांडीवरची वही बाजूला ठेवून एक गाणं म्हटलं. त्यांचं माहेर कात्रजच्या बाजूचं, मोगऱ्याच्या मळेवाल्यांचं. पहाटे कळ्या मिटलेल्या असतानाच तोडायच्या आणि उन्हं वर यायच्या आत पाट्या मंडईत पोचवायच्या, हे त्यांचं लहानपण. तोडणीला बसलेल्या बायका म्हणायच्या त्या या पाच ओव्या.

पहाटंच्या पारी, कळी मिटल्या डोळ्याची,
तोडिते मी हळू, लेक कुणाच्या मळ्याची.

शकूताईंचा आवाज गोड नव्हता. रुंद होता आणि कुठेही कापत नव्हता. पण गंमत अशी, की प्रत्येक अर्ध्या ओळीनंतर त्या थांबायच्या. कधी श्वासभर, कधी त्याहून बरंच जास्त. आम्हाला वाटलं, वयामुळे दम लागतोय. लिमयेबाईंनी तर न राहवून तिसऱ्या ओवीपासून त्या मोकळ्या जागांत पेटीचे गोड तुकडे भरायला सुरुवात केली. गाणं संपल्यावर शकूताई त्यांना म्हणाल्या, "लिमयेबाई, आमच्या मळ्यात पेटी नव्हती."

त्याच महिन्यात त्यांच्या गळ्यातली गाठ कळली. कित्येक दिवस त्या पदराखाली झाकत होत्या म्हणे. डॉक्टरांनी आधीच स्वच्छ सांगितलं, की गाठ काढावी लागेल, जीवाला धोका नाही, पण आवाज राहील याची खात्री देता येत नाही. मुलीनं, मीनानं, त्याच दिवशी शस्त्रक्रियेसाठी नाव नोंदवायचं ठरवलं होतं. शकूताईंनी पंधरा दिवस मागून घेतले. मीना बँकेत नोकरीला होती, कामाची होती, आईला जपणारी होती, आणि आमचं मंडळ म्हणजे आईचा फावल्या वेळचा उद्योग आहे असं तिचं मत होतं. ती माझ्याकडे येऊन म्हणाली, की तुम्ही सेक्रेटरी आहात, तो कार्यक्रम रद्द करून टाका, म्हणजे आई मुकाट्यानं दवाखान्यात येईल. मला ते पटलंही. मी बुधवारी तसा विषय काढला. शकूताईंनी मला दीड मिनिटातच तोडलं. "कार्यक्रम ठरल्या दिवशी होणार. गाठ माझ्या गळ्यात आहे, तुमच्या नाही."

मग त्यांनी सांगितलं, की त्यांच्या आईच्या ओव्या स्टेजवर मी म्हणायच्या. त्या ओव्या म्हणणारी घरात आता कोणी उरली नव्हती. भावजया गेल्या होत्या, मळा विकला गेला होता, बांधालगतचे चार वाफे तेवढे उरले होते. त्यांच्या गळ्यातून गाणं पंधरा दिवसांत दुसऱ्या गळ्यात गेलं नाही, तर ते दवाखान्यातच राहणार होतं. मीनाला का शिकवत नाही, असं मी विचारलं. "तिला वेळ नसतो," एवढंच म्हणाल्या. मग मी म्हटलं, की आपल्यात माझ्याहून कितीतरी चांगल्या गाणाऱ्या आहेत. "आहेत ना. पण त्यांना हरकती येतात. तुला येत नाहीत." इतकी खरी स्तुती माझी कोणी केली नव्हती.

रोज दुपारी मी त्यांच्याकडे जायला लागले. चाल दोन दिवसांत बसली. थांबणं काही केल्या बसेना. मी मनातल्या मनात चार आकडे मोजून थांबायची आणि त्या मान हलवायच्या. पाच मोजले तरी मान हलायचीच. मी रडकुंडीला आले. शेवटी एका पहाटे त्यांनी रिक्षा सांगितली आणि मला नि लिमयेबाईंना घेऊन त्या कात्रजच्या पुढे उरलेल्या त्या चार वाफ्यांवर गेल्या. आमच्या कमरेला पदराची ओटी बांधून दिली आणि म्हणाल्या, "आता तोडा आणि म्हणा."

तेव्हा कळलं. कळी बोटात धरायची, नखानं देठ खुडायचा, ओटीत टाकायची आणि मग पुढच्या झाडाकडे सरकायचं. कळी हाताशी असली की थांबणं लहान. पानाआड असली की शोधावी लागायची, तेवढं ते लांबायचं. त्या जागा रिकाम्या नव्हत्याच, त्यांत काम होतं. अर्ध्या तासात माझी कंबर धरली. लिमयेबाई जरीकाठी नेसून आल्या होत्या, काठाला चिखल लागला होता, पण त्यांनी कुरकुर केली नाही. परतताना रिक्षात त्या काठावरचा चिखल नखानं खरवडत होत्या. मग म्हणाल्या, "या गाण्याला मी पेटी मिटून बसते." शकूताई नुसत्या "बरं" म्हणाल्या, पण त्यांना किती बरं वाटलं ते मला दिसत होतं.

पाचवी ओवी त्यांनी सगळ्यात शेवटी शिकवली.

पाचवी माझी ओवी, कळ्या ओटीत मावंना,
सरू माझी माय, तिच्याबिगर ऱ्हावंना.

"सरू माझी आई," त्या म्हणाल्या. "तिथं म्हणणारीनं आपापल्या आईचं नाव घालायचं. माहेरचं नाव, सासरचं नाही. तू तुझ्या आईचं घाल."

मी मान डोलावली आणि तिथेच माझी फजिती सुरू झाली. माझ्या आईला आम्ही भावंडं 'वहिनी' म्हणायचो, कारण घरात काका-आत्या तिला वहिनी म्हणायचे. रेशनकार्डावर ती राधाबाई होती. ते नाव लग्नात तांदळावर अंगठीनं लिहून ठेवलेलं. त्याच्या आधी तिला काय म्हणत, हे मला ठाऊक नव्हतं. पन्नाशी उलटलेली बाई मी, आणि आईचं नाव ठाऊक नाही, हे शकूताईंच्या तोंडावर कुठल्या तोंडानं सांगणार? मी म्हटलं, सवयीसाठी आत्ता सरूच म्हणते, स्टेजवर बदलेन. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं, पण विश्वास ठेवला.

शस्त्रक्रिया झाली. गाठ साधी निघाली. आवाज मात्र गेला, नुसती हवा यायची. मीनानं त्यांना शाळकरी पाटी आणून दिली. मी भेटायला गेले तेव्हा पाटीवर त्यांनी लिहिलं, "तालीम किती वाजता?" मी बाहेर जिन्यात येऊन रडले. कार्यक्रमाला तीन आठवडे होते आणि त्या एकाही बुधवारी चुकल्या नाहीत. गळ्याला पांढरा रुमाल गुंडाळून बसायच्या आणि कोणाचं थांबणं चुकलं की पेन्सिलीनं पाटीवर टकटक करायच्या.

कार्यालय भरलं होतं. निम्मे लोक आमच्याच घरचे होते, पण निम्मे खरेखुरे परके होते. चाफा, जाई, पारिजातक सगळं यथासांग झालं, टाळ्या मिळाल्या. मग मी एकटी पुढे बसले. लिमयेबाईंनी पेटी मिटली, तेव्हा प्रेक्षकांत कुजबुज झाली. मी पहिली अर्धी ओळ म्हटली आणि थांबले. लोकांना वाटलं, ही विसरली. पुढच्या थांबण्याला मागून कोणीतरी धीर द्यायला टाळ्या वाजवल्या, आणि मग सगळंच कार्यालय वाजवायला लागलं. मी मागे वळून आमच्या बायकांच्या रांगेकडे बघितलं. रांगेच्या टोकाला बसलेल्या शकूताईंनी तेव्हा उजवा हात पुढे केला, दोन बोटांत नसलेली कळी धरली, खुडली आणि ओटीत टाकली. त्यांच्याकडे बघून शेजारणीनं तेच केलं. मग सगळ्यांनीच केलं. टाळ्या थांबल्या. मी म्हणायची, थांबायची, आणि माझ्या मागे अठरा हात तोडणी करायचे.

पाचवी ओवी आली. माझ्याकडे नाव नव्हतंच. मी "सरू माझी माय" म्हणून मोकळी झाले.

आत गेल्यावर बायकांनी मला मिठ्या मारल्या. शकूताईंचा आवाज गेला म्हणून त्यांच्या आईचं नाव मी मुद्दाम घेतलं, असं सगळ्यांना वाटलं. डोळे पुसत त्या माझं कौतुक करत होत्या आणि मीही ते निमूट करून घेत होते, हे कबूल करायला हवं. शकूताई पाटी घेऊन आल्या. त्यांचा चेहरा रागावलेला होता. पाटीवर लिहिलं होतं, "माझी आई मी आठवीन. तुझ्या आईला कोण आठवणार?"

मग मी सांगितलं. सगळ्यांच्या देखत, एका दमात. मला वाटलं, आता हसतील. पण कोणी हसलं नाही. लिमयेबाई हळूच म्हणाल्या, "मलाही ठाऊक नाही." आणखी दोघीतिघींनी माना खाली घातल्या. शकूताईंनी पाटी पुसली आणि लिहिलं, "शोधा."

माझा एकच मामा उरला होता, सांगलीला, नव्वदीचा, ठार बहिरा. त्याला मी पत्र टाकलं. तीन आठवड्यांनी वेड्यावाकड्या अक्षरात पोस्टकार्ड आलं. "तिचं नाव कृष्णी. तिला झाडावर चढता यायचं. तू विचारलंस, बरं वाटलं." एवढंच होतं. माझी आई, जिला मी चुलीपुढून उठताना हात टेकून 'आई गं' म्हणतानाच पाहिलं होतं, ती झाडावर चढायची. ते कार्ड घेऊन मी त्या दिवशी ऑफिसला गेलेच नाही.

सरळ शकूताईंकडे गेले आणि त्यांच्यापुढे बसून पाचवी ओवी म्हटली, "कृष्णी माझी माय" म्हणून. मला वाटलं, त्यांचे डोळे भरून येतील. त्यांनी पेन्सिलीनं टकटक केलं. नावानंतर मी घाईनं पुढे गेले होते. पुन्हा म्हटलं. पुन्हा टकटक. तिसऱ्यांदा मी कृष्णी म्हणून थांबले, तेव्हा मला एक परकरातली मुलगी फांदीवर दिसली, आणि मग मला घाई राहिली नाही. शकूताईंनी पाटीवर लिहिलं, "आता झालं. बाकीच्यांचं बघ."

बाकीच्यांचंही त्यांनीच बघितलं. दर बुधवारी कोणी ना कोणी नाव घेऊन यायची. कोणाला ते जुन्या पत्रिकेत मिळालं, कोणाला मावशीकडून, आणि लिमयेबाईंना तर कुठल्याशा जुन्या भांड्याच्या काठावर कोरलेलं सापडलं. नाव आणलेली बाई ओवी म्हणायची आणि शकूताई तिच्याकडून थांबणं पक्कं करून घ्यायच्या. आवाज परत आला नाही. त्यांनी त्याबद्दल एकदाही पाटीवर काही लिहिलं नाही.

पुढच्या वर्षी श्रावणात त्या गेल्या. सकाळी चहा घेतला आणि खुर्चीतच मान कलली. त्यानंतरच्या बुधवारी खोली उघडावी की नाही, यावर आमची फोनाफोनी झाली. शेवटी उघडली, कारण न उघडलेली त्यांना चालली नसती. आम्ही अठराजणी बसलो. लिमयेबाईंनी पेटी उघडली आणि पुन्हा मिटली. मी म्हटलं, आपण मळ्याच्या ओव्या म्हणू, त्यांना पेटी लागत नाही.

चौथी ओवी चालू असताना मीना दारात आली. आईच्या वह्या परत करायला आली होती. आत ये म्हटलं तर चपला काढून भिंतीपाशी उभी राहिली. पाचवी ओवी एकेकीनं म्हणायची पद्धत पडली होती. मी कृष्णी म्हटलं, माझ्या शेजारणीनं तिच्या आईचं, मग तिसरीनं, असं करत नाव फिरत गेलं. शेवटची बाई झाली आणि आम्ही थांबलो. तेव्हा भिंतीपासून आवाज आला. तसाच रुंद, कुठेही न कापणारा. हिनं हे गाणं शिकायला वेळ कधी काढला, असं माझ्या मनात आलं, आणि लगेच कळलं, की स्वयंपाकघरात आई म्हणत असताना ती शेजारच्या खोलीत अभ्यास करत असणार.

पाचवी माझी ओवी, कळ्या ओटीत मावंना,
हौसा माझी माय...

आणि ती थांबली. कळी खुडायला लागतो तेवढाच वेळ.

आम्ही एकमेकींकडे बघितलं. हौसा. आमच्यातल्या एकीनंही ते नाव ऐकलं नव्हतं. इतकी वर्षं दर बुधवारी आम्ही त्यांच्यासमोर बसलो, त्यांच्या धाकानं गावोगावी पत्रं टाकून आपापल्या आयांची नावं शोधून आणली, आणि शकुंतला व्हायच्या आधी तुम्ही कोण होता, असं त्यांना आमच्यापैकी कोणीही विचारलं नव्हतं.